वणेच्या डोहातला अमोनाइट

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी वर्ध्याहून समुद्रपूरला जाऊन आलो. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं आमच्या घरात विचारून झालं आहे. विचारणाऱ्या बाईंचं नाव घेत नाही, कारण त्या मला दोन वेळा वाढतात. पण ज्यांनी समुद्रपूर पाहिलं नाही आणि ज्यांना ते पाहण्याचं काही कारणही नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. शिवाय मनात जे कडू साचलं आहे ते कुठेतरी ओतायला हवं, आणि दुकानात गिऱ्हाइकांवर ओतलं तर ती परत येत नाहीत.

वर्ध्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. राहायला बोरगाव मेघे. आजोबांपासून आम्ही खिळे, कड्या, कुलपं विकत आलो. मला मात्र व्यापाऱ्याच्या मुलाला न शोभणारा छंद लागला, जीवाश्म गोळा करण्याचा, आणि त्यातही अमोनाइटचा. अमोनाइट म्हणजे फार जुन्या समुद्रांत राहणारा, स्वतःभोवती गुंडाळलेल्या शंखात राहणारा प्राणी. डायनासोर संपले तेव्हाच तोही संपला. देवघरातल्या शाळिग्रामावर जे चक्र दिसतं ते याच्याच एका भावकीचं. हे मी पूर्वी हौसेने सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही, का ते पुढे येईल.

आमच्या जिल्ह्यात अमोनाइट सापडत नाही. इथे सगळा लाव्हाचा काळा दगड. समुद्रपूरला हे नाव कोणी दिलं देव जाणे, तिथे कापूस पिकतो. त्यामुळे खडूच्या काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगातल्या, समुद्राचा माल हवा तर पार तामिळनाडूत अरियलूरकडे जावं लागतं. तिकडे मी आणि वसंता बऱ्याचदा गेलो. वसंता हा माझा या वेडातला भागीदार. समुद्रपूरचा शेतकरी, घरची ओलिताची शेती, पाय लांब आणि नजर घारीची.

सावंगी

दसऱ्यापासून वसंता सावंगीच्या दवाखान्यात होता. दोन्ही मूत्रपिंडांनी एकाच वेळी संप पुकारला होता, त्यात पोटातही काहीतरी निघालं. मी बुधवारी गेलो तेव्हा ऑपरेशन शनिवारी ठरलं होतं. त्याची बायको सुशीलावहिनी खाटेजवळ खाली बसून मोसंबी सोलत होत्या. वसंताने मला जवळ बोलावलं.

"आपला सुटलेला आणून दे ना मले."

"काऊन बे? अठी काय करतं त्याचं?"

"शनिवारी हे मले झोपवून टाकतीन. मंग उठलो त उठलो. त्याच्या आंधी एकडाव हातात घ्याचा हाय."

सुटलेला म्हणजे आमच्या दोघांच्या साठ्यातला एकच दगड, ज्याच्यापुढे बाकी सगळे पायरीचे चिरे. त्याबद्दल पुढे सांगतो. तो आम्ही भागीत ठेवला होता. एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्याकडे, मग वर्षभर माझ्याकडे. या दिवाळीला तो माझ्याकडे यायचा होता, पण वसंता खाटेवर, आणि आजारी माणसाच्या घरी दगड मागायला कोण जाणार? म्हणून राहून गेला. हक्काने पाहिलं तर तो तेव्हा माझ्या कपाटात असायला हवा होता. हे वाक्य मी पुढच्या दोन दिवसांत स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे.

"उद्याच जातो," मी म्हटलं. त्याचा चेहरा खुलला. किती दिवसांनी खुलला असेल कोण जाणे.

मी निघालो तशा वहिनी माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पदर बोटाभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "घरी जेऊनच येजा भाऊजी. जाऊबाई हायेत तठी." मला वाटलं, काय ही माया, नवरा असा पडलेला आणि हिला माझ्या जेवणाची काळजी.

हिंगणघाटच्या बसमध्ये, पण मनाने अरियलूरला

लाल बसचं वर्णन करत नाही. ज्यांनी केला आहे त्यांना तो प्रवास माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. बाहेर तुरी उभ्या होत्या, कापसाची दुसरी वेचणी चालली होती, आणि मी खिडकीला डोकं टेकून अरियलूरला पोचलो होतो.

काय तो मुलूख! वरून आपल्यासारखीच काळी माती, आपल्यासारखाच कापूस. वसंता पहिल्या दिवशी म्हणाला, "एवढे पैसे खर्चून आपल्याच वावरात आलो का बे?" मग घळीत उतरलो आणि जमीन पांढुरकी, पिवळसर झाली, हाताला खडूसारखी पीठ सोडणारी. झाड नाही, सावली नाही. जिथे पाय ठेवावा तिथे समुद्राचा तळ. शिंपले, खेकड्यांच्या नांग्या, शार्कचे दात. आपल्याकडे शेतात काडीकचरा पडतो तसे पडलेले.

जेवणाचे हाल झाले. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भाताचेच काहीतरी चुलत भाऊ. वसंता भाकरीवाचून कासावीस. घरून आणलेला ठेचा तेवढा जीव धरून होता, तर त्या बाटलीचं झाकण पिशवीत उघडलं आणि आमचे कपडे, नकाशा आणि दोन दिवसांचे अमोनाइट सगळे मिरचीत न्हाले. चहाच्या टपरीवरच्या बाईने ते पाहिलं, मिरचीचं बोट चाखलं आणि खदाखदा हसली. नंतर ती आमची रोजची झाली. भाषा तिची आम्हाला येईना, आमची तिला. पण आम्ही दगड शोधतो हे कळल्यावर तिने ओसरीवरून मूठभर अमोनाइट आणून बाकावर ओतले, छान गोल, एकसारखे.

वसंताने मान हलवली. बोटाने हवेत वेटोळं काढलं, मग ते वेटोळं सोडून बोट सरळ पुढे नेलं आणि टोकाला आकड्यासारखं वळवलं. आम्हाला असा हवा होता. अमोनाइटांच्या काही जाती होत्याच तशा, वेटोळ्यातून सुटलेल्या. आधी गुंडाळत जायचं, मग एके दिवशी गुंडाळणं सोडून सरळ वाढायचं, आणि शेवटी पुन्हा मागे वळायचं. जुने जाणकार म्हणत, जात म्हातारी झाली, वाढ बिघडली, मरणाची लक्षणं. आता तसं मानत नाहीत. हे वेडेवाकडेही पुष्कळ काळ मजेत जगले. वसंताला ही गोष्ट फार आवडायची. त्या बाईने मात्र तोंड वाकडं केलं. चांगले गोल सोडून बिघडलेला कशाला, असा तिचा साधा सवाल होता.

आणि तो सापडला. वसंताला एका घळीत वेटोळं मिळालं, सरळ वाढलेल्या भागासकट, पण मधेच तुटलेलं. तो दिवसभर खाली वाकून पुढचा भाग शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी, बऱ्याच खाली पाण्याने वाहून नेलेल्या मातीत, मला आकडा मिळाला. वसंताने दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. बसले! जिथे तुटले होते तिथे केसही जाणार नाही असे बसले. दोन खवीस त्या उन्हात एकमेकांना मिठ्या मारून नाचले, आणि नाचणाऱ्यांत एक मी होतो.

जोडायच्या वेळी भांडण झालं. दुकान माझं, त्यामुळे डिंकातलं मला कळतं, असा माझा समज. मी म्हटलं, दोन नळ्यांतून काढून मिसळायचा पक्का लाव, जन्मात सुटणार नाही. वसंता म्हणाला, "म्हूनच नाई लावत. उद्या कोणी जाणता माणूस भेटला, त्याले खोलून पाह्याचं असन त? साधा पांढराच दे. पाण्यात ठेवला का सुटते." त्याचंच खरं होतं. जाणते लोक तसंच करतात. मी पांढरा दिला.

समुद्रपूर

वसंताचे थोरले भाऊ नामाभाऊ बसथांब्यावर मोटारसायकल घेऊन आले होते. घरी कौशल्यावहिनींनी, म्हणजे सुशीलावहिनींच्या जावेने, तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. असं जेवण मला वर्षात मिळालं नव्हतं. मी दोनदा भरीत घेतलं, हात धुतले, आणि पाय पसरून म्हटलं, "आता तो दगड द्या जी. देवघरात हाय ना?"

देवघरात तो पहिल्या वर्षापासून होता. सुशीलावहिनींना त्यावर चक्र दिसलं आणि त्यांनी तो शाळिग्राम म्हणून उचलून नेला. वसंता कुरकुरला. मग म्हणाला, राहू दे, निदान धूळ तरी बसणार नाही. मीच मागे मोठ्या तोंडाने शाळिग्रामाची भावकी सांगितली होती, तेव्हा मला काय बोलायला तोंड? आणि माझ्या पाळीच्या वर्षी वहिनी तो कुंकू पुसून, फडक्यात गुंडाळून परत देत, कधी कटकट केली नाही.

कौशल्यावहिनी स्वयंपाकघरात गेल्या. नामाभाऊंनी तंबाखू मळायला घेतली.

"थो आता नाई," ते म्हणाले.

"नाई म्हंजे?"

"तुळशीच्या लग्नात भंगला ना तो."

मग सगळं कळलं. नवरा दवाखान्यात, म्हणून सुशीलावहिनींनी यंदा तुळशीचं लग्न जोरात करायचं ठरवलं होतं. अंगणात ऊस बांधले, आळीतल्या बायका बोलावल्या. नवरदेव म्हणून शाळिग्राम. हा आमचा शाळिग्राम. वर्षभर रोज सकाळी त्याला आंघोळ घातलेली. कार्तिक लागल्यापासून तर दोन वेळा. आणि लग्नाआधी पंचामृताचं स्नान घालताना, सगळ्या बायकांच्या देखत, नवरदेवाचे सुशीलावहिनींच्या हातात दोन तुकडे झाले.

"तिच्या हातात, भाऊ," कौशल्यावहिनी दारातून म्हणाल्या. "माणूस खाटेवर, अन् हिच्या हातात नवरदेव भंगला. दोन दिवस अन्नाले शिवली नाई ते."

"अवो, गोंद सुटला तो! पाण्यानं सुटते तो गोंद!"

"असन," नामाभाऊ म्हणाले. "पण खंडित देव घरात ठेवत नाई ना. दुसऱ्या दिशी मीच वणा नदीत सोडून आलो."

"मले पुसलं काऊन नाई? अर्धा माहा होता!"

त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या नवलाने पाहिलं. "देव काय अर्धा-अर्धा रायते का भाऊ?"

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. जेवलेल्या घरात असं बोलू नये. एवढं सांगतो की नामाभाऊंनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला. कपाटात दगड म्हणून पडला असता तर कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं, आणि तो वाचला असता. मान दिला म्हणून आंघोळ घातली, आंघोळ घातली म्हणून सुटला, सुटला म्हणून बुडवला. समुद्रात त्याला कोणी हात लावला नाही, मातीखाली गाडला गेला तरी टिकला, आणि आमच्या भक्तीने त्याची वाट लावली.

आणि मग जिना आठवला. पदर गुंडाळत उभ्या राहिलेल्या सुशीलावहिनी. त्यांना माहीत होतं. जाऊबाई सांगतील, आपल्याला सांगावं लागणार नाही, म्हणून मला जेवायला धाडलं.

वणेच्या काठी

नामाभाऊ मुकाट्याने गाडीवर बसवून घेऊन गेले. वणा आमची काही गंगा नव्हे. मार्गशीर्षात पात्र अर्धं उघडं, मधे डोह, काठाला काळी वाळू. जिथे लोक देव सोडतात ती जागा दुरूनच कळते. काच फुटलेल्या तसबिरी, मुंडकं नसलेले गणपती, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकचे हार. ज्यांना घरात ठेवायची भीती वाटते ते सगळे देव इथे चिखलात पडलेले. ही आमची श्रद्धा! घरात तडा चालत नाही, आणि नदीत काहीही चालतं. अरियलूरची ती बाई बिघडलेल्या दगडाला नुसतं तोंड वाकडं करायची, एवढंच तिचं शास्त्र.

"कुठी टाकला?"

"गोल होता तो मधात, डोहात. त्याच्यावर चक्र होतं, म्हून हात जोडून नीट खोल सोडला. वाकडा तुकडा अठीच काठावर ठेवला."

मी पँट गुडघ्यावर दुमडून उतरलो. पाणी सुरीसारखं गार. थोड्या वेळाने नामाभाऊही धोतर खोचून उतरले, मी सांगितलं नव्हतं तरी. संध्याकाळपर्यंत काही मिळालं नाही. रात्री त्यांच्याकडेच राहिलो, पण जेवलो नाही. कौशल्यावहिनींनी ताट झाकून ठेवलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा गेलो.

आमचा काळा दगड कधी नव्हे तो उपयोगी पडला. सगळ्या काळ्या वाळूत एका तसबिरीच्या काचेखाली खडूच्या रंगाचं काहीतरी दिसलं. हात घातला, बोट कापलं, आणि आकडा हातात आला. धडधाकट होता. तुटलेल्या जागी पांढऱ्या डिंकाची साय अजून लोंबत होती.

डोहात नामाभाऊ छातीपर्यंत गेले, बांबूने तळ ढवळला. गाळ वर आला आणि पाणी काळं झालं. मी म्हटलं, बस करा. वसंताचा तुकडा ज्याने हात जोडून खोल सोडला तोच आता थंडीने कुडकुडत तो शोधत होता. मी त्याच्यावर धड रागावूही शकत नव्हतो, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं.

परतताना गावातल्या विठ्ठलाच्या देवळाशी गाडी थांबली. बोटाला हळद मागायला गेलो, तर म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी हकीकत विचारली. ऐकून म्हणाले, "शाळिग्राम भंगला तरी त्याचं देवपण जात नाही. तो खंडित होतच नाही, असं शास्त्र आहे. विसर्जन कोणी सांगितलं?"

नामाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी सुरू करायला त्यांना बऱ्याच किका माराव्या लागल्या.

पुन्हा सावंगी

परतीच्या बसमध्ये मी सुशीलावहिनींना काय बोलायचं ते घोकत होतो. चांगली धारदार वाक्यं जमली होती. वायगावपर्यंत तर मी त्यांना पुरतं रडवलं होतं, मनातल्या मनात.

वॉर्डात पोचलो तेव्हा वसंताच्या नाकात नळी होती आणि उद्याच्या तयारीने त्याला उपाशी ठेवलं होतं. डोळे मिटलेले. वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. त्या रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा.

मी आकडा वसंताच्या हातात ठेवला. त्याने डोळे उघडले नाहीत. अंगठा कडांवरून फिरवला, कंगोरे एकेक करून चाचपले, वळणापर्यंत गेला आणि मग तुटलेल्या जागी थांबला.

"हा त तुहा व्हय," तो म्हणाला. "माहा कुठी हाय?"

एवढा वेळ घोकलेल्यातलं एकही वाक्य इथे चालणारं नव्हतं.

"घरी हाय," मी म्हटलं. "देवघरात. जोड सुटला, म्हून एकच आणला. तू ये घरी, मंग जोडू."

"सुटला?"

"पाण्यानं."

वसंता थोडं हसला. नळीमुळे ते हसू एकाच बाजूला आलं. मग त्याने डोळे उघडून बायकोला शोधलं.

"सुशीले, म्या सांगतलं नव्हतं का तुले? माह्यावर आता पाणी नोको घालत जाऊ."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"नाई घालत," त्या म्हणाल्या.

आकडा मी त्याच्या मुठीतच ठेवून आलो.